६६४ धावा... पण कोणाविरुद्ध? (सेंट झेवियर्स, फोर्ट आणि मैदानातले 'संत')

धोबीतलावकर

परवा घरी पाच-सहा जण जमलो होतो. सगळे क्रिकेटचे किडे. मुंबईचा कुठल्याही सालचा रणजी संघ झोपेत सांगतील असे. भाचा नववीत आहे. त्याने मध्येच विचारलं, "तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागीदारी कुठल्या शाळेसाठी?" सगळे एका सुरात, "शारदाश्रम!" मग त्याने विचारलं, "आणि विरुद्ध कोण होतं?"

शांतता. एकाने अंजुमन म्हणून ठोकून दिलं, एकाने डॉन बॉस्को. उत्तर सेंट झेवियर्स हायस्कूल, फोर्ट. मला माहीत होतं यात माझी हुशारी काही नाही. चर्नी रोडहून व्हीटीला क्लासला जाताना पाच वर्षं त्या शाळेवरून चालत गेलोय. स्वतः गिरगावातल्या मराठी शाळेचा. झेवियर्सशी नातं एवढंच की त्यांच्या पोरांचे पांढरेशुभ्र कपडे बघून आम्ही जळायचो.

तर हा धागा त्या 'विरुद्ध' असलेल्या शाळेबद्दल.

आधी नावाची गंमत. शाळेच्या नावात फोर्ट, पण शाळा धोबीतलावला, लोकमान्य टिळक मार्गावर. किल्ल्याची तटबंदी बार्टल फ्रियरच्या काळात, १८६० च्या दशकात पाडली. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली एस्प्लनेडची जमीन होती, तिचेच उरलेले तुकडे म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल. शाळा १८६९ ची. म्हणजे तट पडून शहर बाहेर सांडायला लागलं आणि त्याच सुमाराला ही शाळा उभी राहिली. शेजारचं झेवियर्स कॉलेजही १८६९ चंच. मुंबईतल्या मुलांना मैदान दारात असणं म्हणजे काय चैन, हे इथे वेगळं सांगायला नको.

शाळा काढली जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांनी, आणि ते जर्मन भाषक. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. झेवियर म्हटलं की आपण गोवा आणि पोर्तुगीज धरतो. संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला १५४२ मध्ये, ते खरं. पण मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलं. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं, पोपने १७७३ मध्ये संघच बरखास्त केला, तो पुन्हा उभा राहिला १८१४ मध्ये. मुंबईत हार्टमन नावाचे स्विस कॅपुचिन बिशप होते, त्यांच्या काळात, १८५० च्या दशकात, जर्मन जेझुइट इथे आले. आणि आल्यावर स्वस्थ बसले नाहीत. बांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३, माझगावची सेंट मेरीज १८६४, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७, मग झेवियर्स. सहा वर्षांत चार शाळा! त्यातच अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा धो धो आला आणि १८६५ मध्ये फुगा फुटला, दिवाळी आणि दिवाळं दोन्ही झालं. शाळा मात्र टिकल्या.

पुढे १८७२ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जेझुइटांवर बंदी घातली. मायदेशात थारा नाही, इथे मात्र फादर. मग पहिलं महायुद्ध. आता इथल्या इंग्रज सरकारच्या लेखी हेच फादर 'शत्रूचे नागरिक' झाले. त्यांना अटकेत टाकलं, परत पाठवलं. १९२० च्या दशकात त्यांची जागा स्पेनमधून आलेल्या जेझुइटांनी घेतली. कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास त्यातलेच, १९२२ चे.

आता मैदान. या शाळेतून एक बुटका सलामीवीर निघाला. ताडदेवच्या चिखलवाडीतल्या भागीरथी इमारतीत राहायचा, मामा माधव मंत्री कसोटी यष्टिरक्षक. शाळेच्या शेवटच्या वर्षात या पोराने नाबाद २४६, २२२ आणि ८५ अशा धावा केल्या, भारत दौऱ्यावर आलेल्या लंडन स्कूलबॉईजविरुद्ध शतक ठोकलं आणि १९६६ मध्ये देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला. सुनील मनोहर गावसकर. पाच वर्षांनी वेस्ट इंडिजमध्ये एका मालिकेत ७७४ धावा.

म्हणजे बघा, तेव्हा बाकीच्या शाळा उन्हात उभ्या राहून झेवियर्सच्या पोराची बॅटिंग बघत होत्या. २२ वर्षांनी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात झेवियर्सची पोरं उन्हात उभी राहिली. शारदाश्रम २ बाद ८४. तिथे चौदा वर्षांचा तेंडुलकर सोळा वर्षांच्या कांबळीला येऊन मिळाला. डाव घोषित झाला २ बाद ७४८ वर. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. तिसरी विकेट नाहीच. मग झेवियर्स सर्वबाद १४५, आणि त्यातले सहा बळी पुन्हा कांबळीचेच, ३७ धावांत. अरे, काही तरी ठेवा की लोकांना!

त्या पोरांबद्दल कुठेही दोन ओळींपलीकडे वाचायला मिळत नाही. तुमच्यापैकी कोणी हरणाऱ्या शाळेकडून खेळलंय का? मी खेळलोय. नंतर लिहितो. आधी तुम्ही लिहा.

मिडविकेट

मस्त धागा. एक भर घालतो. त्या ६६४ च्या वेळी झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. लेगस्पिनर. ज्या दोघांनी धुतलं त्यांच्याच बरोबर पुढे मुंबईकडून खेळला, मुंबईचा कप्तान झाला, भारतासाठी दोन कसोटी, आणि प्रथम श्रेणीत ६०० च्या वर बळी, वर ६००० हून जास्त धावा.

बळींच्या रकान्यात शून्य बघून सोळाव्या वर्षाच्या आत लेगस्पिन सोडून देणारी शंभर पोरं असतील. मला तेंडुलकरच्या ३२६ पेक्षा याचं कौतुक जास्त वाटतं. (आता मारा मला.)

शिवाजीपार्ककर

मारत नाही, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत तुम्ही लोकांनी. ही भागीदारी मुळात व्हायलाच नको होती. शारदाश्रमच्या पोरांचे प्रशिक्षक आचरेकर सरांनी डाव सोडायला सांगून ठेवलं होतं. मैदानावर त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण हद्दीबाहेरून हातवारे करत राहिले आणि या दोघांनी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं. शेवटी फोनवरून सरांचा हुकूम आला तेव्हा डाव सोडला. कांबळीला ३५० ला एक धाव हवी होती. मिळाली नाही.

आणि तुमच्या 'विरुद्ध' वाल्यांइतकाच बिचारा दुसरा एक होता. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला अमोल मुजुमदार. सगळी भागीदारी पॅडसकट बघितली त्याने.

टोरांटोची_ताई

क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण कॉन्व्हेंटमधल्या खेळांवर बोलू शकते. आमच्या शाळेत (नाव नको) चार हाऊस होते, लाल, निळा, हिरवा, पिवळा. वार्षिक खेळांच्या आधी महिनाभर मार्च पास्टची तालीम. सिस्टर शिट्टी घेऊन उन्हात उभ्या. हात खांद्याच्या रेषेत आला नाही की अख्खी ओळ पुन्हा. धावण्याच्या शर्यतीपेक्षा मार्च पास्टच्या ढालीला मान जास्त!

आम्ही थ्रोबॉल खेळायचो. शेजारच्या मुलांच्या शाळेला हॉकी, फुटबॉल, क्रिकेट सगळं, आणि आमच्या वाट्याला नेटला चार ठिगळं लावलेला एक थ्रोबॉल कोर्ट. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गर्ल्स, नेक्स्ट इयर." सहा वर्षं नेक्स्ट इयर ऐकलं. तरी त्या कोर्टावर जे शिकले ते अजून पुरतंय. इथे पन्नाशीत कम्युनिटी सेंटरवर व्हॉलीबॉल खेळते, आणि माझी सर्व्हिस उचलायला पोरं बिचकतात.

चिकित्सक

एक शंका. याला खासगी शाळा म्हणायचं का? आपल्याकडे खासगी म्हटलं की भरमसाट फीवाली शाळा डोळ्यांसमोर येते.

धोबीतलावकर

@चिकित्सक, आपल्याकडे 'खासगी अनुदानित' नावाचा खास प्रकार आहे ना! व्यवस्थापन संस्थेचं, इथे जेझुइटांचं, परीक्षा बोर्डाची. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क घटनेच्या ३० व्या कलमाने दिलाय. त्यामुळे गंमत अशी की मिशनच्या शाळांत वर्गात मात्र सगळं गाव. धोबीतलावला गोवेकरांच्या कूडी होत्या, म्हणजे आगबोटीवर जाणाऱ्यांचे गाववार क्लब. त्या घरांतली मुलं, इराण्या-पारशांची मुलं, काळबादेवीचे गुजराती आणि गिरगाव-ताडदेवचे आपले लोक. गावसकर त्यातलाच. मिलिंद रेगे त्याचा बालमित्र. शाळा तीच, कॉलेज तेच आणि दादर युनियनही तोच क्लब.

@शिवाजीपार्ककर, मुजुमदारचा मुद्दा एकदम मान्य. पण त्याला निदान सावली होती!

@ताई, 'गर्ल्स, नेक्स्ट इयर' वर वेगळा धागा काढा. खरंच.

स्कोअरर

मी आकडेवाल्यांपैकी. तुमच्या शीर्षकातल्या 'संतां'वरून एक विचित्र गोष्ट नजरेला आणून देतो.

६६४ चा विक्रम १८ वर्षं टिकला. तो मोडला नोव्हेंबर २००६ मध्ये, सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर, १३ वर्षांखालच्या सामन्यात. मनोज कुमार आणि मोहम्मद शैबाज तुंबी, नाबाद ७२१. षटकं फक्त ४०. शाळा सेंट पीटर्स. आणि विरुद्ध कोण? सेंट फिलिप्स. ते सर्वबाद २१. म्हणजे बरोब्बर ७०० धावांनी हार.

पुढे नोव्हेंबर २०१३. पुन्हा आझाद मैदान, पुन्हा हॅरिस शिल्ड. रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने ५४६ केल्या, ३३० चेंडूंत, ८५ चौकार आणि ५ षटकार. संघाच्या ९९१. विरुद्ध बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी'असिसी. ते ९२.

तीन मोठे विक्रम, तिन्ही वेळा समोर एक संत. (प्रामाणिकपणासाठी: सर्फराज खानच्या ४३९ आणि अरमान जाफरच्या ४९८ वेळी समोर आयईएसच्या शाळा होत्या. त्यामुळे मार खायचा मक्ता काही संतांनीच घेतलेला नाही.)

बोरिवली_पश्चिम

@स्कोअरर, अहो जखमेवर मीठ! ५४६ नंतर कितीतरी दिवस आमच्या सोसायटीतली पोरं त्या शाळेच्या पोरांना 'पाचशेशेचाळीस' म्हणून हाक मारायची. क्रूर असतात पोरं.

पण मुद्द्याचं बोलू. हा प्रकार नेमका का होतो? तुल्यबळ संघ असतील तर ९९१ विरुद्ध ९२ होऊच शकत नाही.

मिडविकेट

कारण एका बाजूला शाळा असते आणि दुसऱ्या बाजूला निवडून आणलेला संघ. शारदाश्रमची ताकद आचरेकर सर होते. शिवाजी पार्कावर नेट्स चालवायचे, जिथे पोरगा चमकला तिथून त्याला शारदाश्रमला आणायचे. तेंडुलकर मूळचा बांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा, सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली. रिझवीने तेच पुढे नेलं. पृथ्वी शॉ विरारचा, शिकायला आणि खेळायला बांद्र्याला.

उलट जुन्या मिशनच्या शाळा बऱ्याचदा आधी वर्ग भरवतात आणि त्या वर्गातून अकरा जण शोधतात. गावसकर त्या वर्गात आपोआप सापडला. दर वेळी सापडत नाही.

शिवाजीपार्ककर

निवडून आणलेला संघ हे जरा खोचक झालं. सर पोरांना दिवसभर या मैदानावरून त्या मैदानावर, स्कूटरच्या मागे बसवून न्यायचे सामने खेळवायला. एवढी मेहनत कुठल्या पीटीच्या मास्तरांनी केली? ज्याने घाम गाळला त्याने ढाल उचलली. बाकी रडगाणं.

आणि १९८८ चा अंतिम सामना विसरू नका. समोर अंजुमन-इ-इस्लाम. तिथे तेंडुलकर नाबाद ३४६. झेवियर्सला निदान सोबत होती.

वसईकर

आम्ही वसईचे, घरात मराठी बोलणारे कॅथलिक. त्यामुळे 'झेवियर म्हणजे पोर्तुगीज' हे ऐकून हसू येतं, आम्हाला अजून लोक विचारतात की तुम्ही गोव्याचे का.

मला वाटतं कॅथलिक शाळांचा खेळ फक्त क्रिकेटच्या गजाने मोजला तर चूक होईल. बांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसकडे बघा. १८६३ मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू झालेली जागा. आणि हॉकीत तिचं नाव काढल्याशिवाय मुंबईची गोष्ट पुढे सरकत नाही. वीरेन रस्किन्हा तिथलाच, अथेन्स ऑलिंपिक खेळला, देशाचा कप्तान झाला. बांद्र्यात एकेकाळी पोरगा चालायला लागला की हातात स्टिक, असं माझे सासरे सांगायचे. ते स्वतः कॉर्नर घ्यायला आले की समोरचे घाबरायचे, असंही सांगायचे. (पुरावा नाही.)

क्रिकेटमध्येही डॉन बॉस्को, माटुंगा घ्या. ती जेझुइटांची नाही, सालेशियनांची. पारंपरिक ताकदवान शाळा कधी नव्हती. १९७६ ला जाइल्स शिल्ड या लहान गटाच्या शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचले आणि माझगावच्या सेंट मेरीजकडून हरले. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, या वेळी जिंकले. त्यांच्या शाळेची ती पहिलीच जाइल्स शिल्ड. कप्तान रवी शास्त्री. म्हणजे तेव्हा जाइल्स शिल्डमध्ये संत आपापसातच भांडत होते!

स्कोअरर

+१. १९७६ च्या त्या सेंट मेरीजमध्ये शिशिर हट्टंगडी होता, पुढे मुंबईकडून रणजी खेळला. आणि बॉस्कोचा अजून एक: फारुख इंजिनियर. वर्गमित्र कोण, तर शशी कपूर. त्या वर्गात आरशासमोर रांग लागत असणार.

चिकित्सक

ख्रिस्ती क्रिकेट म्हटल्यावर विजय हजारेंचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? १९४३ च्या पंचरंगी, म्हणजे धर्मवार संघांच्या सामन्यांत ते 'द रेस्ट' कडून, म्हणजे ख्रिस्ती वगैरे बाकीच्यांच्या संघाकडून खेळले. अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी, त्यात भावाच्या २१. तरी डावाने हरले.

धोबीतलावकर

@चिकित्सक, हजारे सांगलीचे, प्रॉटेस्टंट घरातले. तेव्हा कॅथलिक शाळांच्या धाग्यात त्यांना ओढणं जरा दांडगाई आहे. पण तो विवेक हजारे मला फार आवडतो. २१ धावा आणि ३०० ची भागीदारी! हरणाऱ्या बाजूला असली माणसं लागतात.

आता माझी गोष्ट, कबूल केल्याप्रमाणे.

आम्ही नववीत. शाळेचा संघ म्हणजे चौदा पोरं आणि दोन बॅटी. एक मोठी, एक फुटलेली. कीपरचे ग्लोव्हज एका पोराच्या काकांचे. आझाद मैदानावर सामना पडला एका तगड्या शाळेशी, नाव सांगत नाही, ते लोक अजून चिडवतात. नाणेफेक त्यांनी जिंकली.

ज्यांनी आझाद मैदान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे एका वेळी वीस-बावीस पिचवर सामने चालतात. एकाचा डीप मिडविकेट दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो. तुम्ही थर्डमॅनला उभे आहात आणि पाठीमागून दुसऱ्याच सामन्यातला चेंडू येऊन पोटरीवर बसतो. कोणी सॉरी म्हणत नाही, "ए, बॉल!" एवढंच. दक्षिणेच्या टोकाला बॉम्बे जिमखाना, जिथे १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली. ते कुंपण आतून बघायचं स्वप्न घेऊन आम्ही बाहेर चेंडू शोधत फिरतोय.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून फिल्डिंग केली. शंभरपर्यंत ओरडत होतो, "चलो चलो, एक विकेट!" दीडशेनंतर फक्त कीपर ओरडत होता. दोनशेनंतर तोही गप्प. मग एक वेगळीच अवस्था येते. राग नाही, लाज नाही. आपण पाणपोईकडे बघत असतो. षटक संपलं की चालत दुसऱ्या टोकाला जायचं, हे पायांना पाठ झालेलं असतं. सगळ्यात वाईट काय, तर समोरचा चांगला खेळतोय हे दिसत असतं. त्यांच्या एका पोराने आमच्या ऑफस्पिनरला बाहेर येऊन जो ड्राइव्ह मारला तो मी लाँगऑफवरून समोरून पाहिला. चेंडू माझ्याकडेच आला आणि माझ्या हाताखालून चौकार गेला. तो आवाज अजून कानात आहे. टीव्हीवर असला शॉट इतक्या जवळून कधी दिसत नाही.

आमचा डाव तासाभरात आटोपला. मी ४.

म्हणून ६६४ बद्दल वाचताना, "झेवियर्सचा एक गोलंदाज रडला, बाकीच्यांना पुढे खेळायचं नव्हतं" हे वाक्य आलं की मी थबकतो. सगळीकडे ते गमतीने लिहितात. अहो, तो शाळकरी पोरगा आहे. पाठीवर ऊन आहे, आणि समोर जगातले पुढचे दोन मोठे फलंदाज आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय की आपणच टाकाऊ.

आणि दुसऱ्या दिवशी तो परत आला. सामना सोडून दिला नाही कोणी. ७४८ डोक्यावर घेऊन बॅटिंगला उतरले आणि १४५ केल्या. पहिल्या डावात ६०३ ने मागे पडल्याचं दुःख असेलच, पण दोन दिवस उन्हात तळल्यावर १४५ म्हणजे मला तरी बऱ्याच वाटतात. आमच्या तर दोन आकडी होत्या.

शिवाजीपार्ककर

काका, शब्द मागे घेतो. 'बाकी रडगाणं' जरा जास्तच झालं. पण 'तगड्या शाळे'चं नाव व्यक्तिगत निरोपातून कळवा.

टोरांटोची_ताई

"दोनशेनंतर तोही गप्प" वाचून मोठ्याने हसले आणि मग हसू थांबलं.

एक प्रश्न, बाळबोध असेल. एवढा फरक पडतोय हे दिसत असताना पंच किंवा सर सामना थांबवत का नाहीत? इथे मुलांच्या लीगमध्ये गोलांचा फरक ठरावीक आकड्यापलीकडे गेला की फलकावर लिहिणंच बंद करतात.

मिडविकेट

@ताई, बाळबोध अजिबात नाही. आपल्याकडे ती जबाबदारी डाव घोषित करणाऱ्यावर असते. म्हणूनच आचरेकर सरांनी आधीच डाव सोडायला सांगितलं होतं हा मुद्दा महत्त्वाचा. त्यांना आकड्यांत रस नव्हता, सामना जिंकायला वेळ हवा होता. पोरांनी ऐकलं असतं तर आज ६६४ नसता आणि झेवियर्सच्या पोरांची जेवणाआधी सुटका झाली असती. आपण सगळे ज्या विक्रमाचे गोडवे गातो तो मुळात आज्ञाभंग आहे. :)

आणि विक्रमाच्या आमिषाने डाव लांबवत राहणं हा आता शालेय क्रिकेटचा रोग झालाय. २०१६ ला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, जगभर बातमी झाली. समोरची आर्य गुरुकुल किती जणांच्या लक्षात आहे?

बोरिवली_पश्चिम

कोणाच्याच नाही. मलाही तुम्ही सांगितल्यावर आठवलं.

वसईकर

धोबीतलावकर, आता धोबीतलावला शाळेकडे कधी गेलात का? मी महिन्यापूर्वी मेट्रोजवळ काम होतं म्हणून गेलो होतो. क्यानीमध्ये चहा-मावा केक झाला, ससानियनवरून चालत आलो. शाळा सुटायची वेळ. फाटकातून पोरांचा लोंढा निघाला आणि त्यातली दहा-बारा किटबॅगा ओढत थेट मैदानाच्या दिशेने. किटबॅगांना आता चाकं असतात हो! आपल्या वेळी एक बॅग, ती पण बारा जणांत, आणि उचलायची पाळी बारावा खेळाडू म्हणून नेहमी माझ्यावर.

स्कोअरर

त्या मैदानावर शालेय सामने भरवणारी एमएसएसए, म्हणजे मुंबई शालेय क्रीडा संघटना, १८९३ ची आहे. आणि हॅरिस शिल्डमधला हॅरिस म्हणजे १८९० ते ९५ मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड हॅरिस, इंग्लंडचा माजी कप्तान. झेवियर्स त्या संघटनेपेक्षाही २४ वर्षांनी जुनी. एवढ्या वर्षांत तिने किती संघांना उन्हात उभं केलं असेल ते कोणीतरी जुन्या वर्तमानपत्रांत बसून मोजायला हवं. ६६४ च्या पारड्यात ते टाकलं तर हिशेब बराच वेगळा दिसेल असं माझं मत.

चिकित्सक

मोजायला बसणार असाल तर मी येतो. शनिवारी मोकळा आहे.

धोबीतलावकर

@स्कोअरर, @चिकित्सक, मीही येणार, पण या शनिवारी नाही. धाग्याच्या सुरुवातीचा तो भाचा शाळेच्या संघात आलाय. पंधरावा होता, दोघांना ताप आला आणि एकाची चाचणी परीक्षा, म्हणून बारावा झाला. परवा अजून एक गळला. शनिवारी क्रॉस मैदानावर सामना आहे. समोर कोण ते विचारल्यावर त्याने जे नाव सांगितलं ते ऐकून मी गप्प बसलो. टोपी आहे का विचारलं तर म्हणतो, "काका, आमची पहिली बॅटिंग आहे, कॅप्टन टॉस जिंकणार आहे."

मी दोन टोप्या घेऊन ठेवल्यात.